मास्टरांची पडेल रेकॉर्ड

मला गाण्यातलं कळतं, अशी माझी ठाम समजूत वयाच्या पंधराव्या वर्षी झाली आणि सोळावं लागायच्या आत ती मोडली. मधल्या काही महिन्यांत मी घरातल्या, गल्लीतल्या आणि शाळेतल्या माणसांना जो ताप दिला तो आठवला की मला आजही हसू येतं, आणि ज्यांना दिला त्यांच्यापैकी जे अजून आहेत त्यांना आजही राग येतो. माझा दादा त्यातलाच एक. आता आम्ही दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, पण फोनवर मी कशाबद्दलही ठासून काही बोलायला लागले की तो पलीकडून शांतपणे म्हणतो, "वहीत लिहून ठेव." ही वही काय भानगड होती, ते आता सांगून टाकते. एकदा लिहून झालं म्हणजे त्याच्या हातातलं तेवढं तरी हत्यार जाईल.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. समोर पिठाची गिरणी. ती सुरू झाली की आमच्या फळीवरचे पेले एकमेकांशी बोलायला लागायचे. घरात आम्ही चौघं. अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. दिवसभर पट्टी आणि काटकोन हातात असल्यामुळे घरी आल्यावरही त्यांचा हात वाकडा जायचा नाही. भाकरी ते बरोबर मधोमध मोडायचे आणि मग पुन्हा मधोमध. आई कन्नड तालुक्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. शहरात येऊन वीस वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातलं 'लई' आणि 'व्हय' गेलं नव्हतं, आणि ते जावं म्हणून मी शाळेत शिकलेलं शुद्ध मराठी तिला अधूनमधून पाजत असे. ती ऐकून घ्यायची. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, कॉलेजात जाणारा आणि मला छळण्यात पदवी आधीच मिळवलेला. रविवारी आई येसराची आमटी करायची. मसाल्याचा तो खमंग जाळ नाकात गेला की गिरणीतला माणूससुद्धा दारात येऊन उभा राहायचा. तो वास, पत्र्यावरचं ऊन आणि बाहेरच्या खोलीतून येणारं गाणं, असा आमचा रविवार असे.

गाणं यायचं ते आमच्या मशीनमधून. अण्णांचे एक वरिष्ठ साहेब बदली होऊन जाताना त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर अण्णांना देऊन गेले होते. आईनं त्याला लेस लावलेला अभ्रा शिवला होता. त्यावर आम्ही लावायचो मास्टरांच्या रेकॉर्डी. या संगीतकाराचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांची मुलंबाळं असतील, आणि पुढं मी जे सांगणार आहे त्यात त्या बिचाऱ्यांचा काडीचाही दोष नाही. आमच्या घरात त्यांना नुसतं 'मास्टर' म्हणत आणि म्हणताना आवाज जरा खाली येई. मराठी चित्रपटांना संगीत देणारे पुष्कळ होते, पण अण्णांच्या मते मास्टरांसारखा ठहराव कुणाकडं नव्हता. ठहराव हा अण्णांचा लाडका शब्द. जेवण झालं की ते भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटायचे आणि मास्टरांचं गाणं संथ, भारदस्त, एकेक पाऊल जपून टाकत घरातून चालत जायचं. तीच गाणी रेडिओवर लागली की मात्र लगबगीनं पळायची आणि गाणाऱ्या बाईचा आवाजही पातळ यायचा. याचं कारण अण्णांनी शोधून ठेवलं होतं. "त्यांना बातम्या द्यायच्या असतात," ते म्हणायचे, "म्हणून गाणी जरा पळवतात. खरे मास्टर ऐकायचे तर रेकॉर्डवर." ज्या माणसानं अख्ख्या कालव्याचा उतार कागदावर चुकू दिला नाही, त्याचं हे म्हणणं खोटं असेल अशी शंका घ्यायचं आम्हाला काही कारणच नव्हतं.

मी तर अण्णांच्याही पुढं गेले. दोनशे पानी वही घेतली आणि तीत प्रत्येक गाण्यावर अभिप्राय लिहायला लागले. दर्जे चार: अत्युत्तम, उत्तम, ऐकण्याजोगे आणि ऐकवत नाही. मास्टरांना 'उत्तम'च्या खाली कधी उतरवलं नाही. इतरांना 'ऐकण्याजोगे'च्या वर कधी चढू दिलं नाही. 'येथे मास्टरांनी शब्दांना विश्रांती दिली आहे' असली वाक्यं मी लिहायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मास्टरांचं गाणं म्हटलं, अगदी घरच्या चालीत आणि घरच्याच पट्टीत, म्हणजे जवळजवळ विहिरीतून. तबल्यावर आमचे चित्रकलेचे सर होते. दुसऱ्या कडव्याला ते माझ्याकडं वाकून कुजबुजले, "अगं, जरा चालव की!" मी त्यांच्याकडं करुणेनं पाहिलं. तिसऱ्या कडव्यात त्यांनी दोन ठोक्यांच्या मध्ये खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि रुमाल घडी करून परत ठेवला, तरी त्यांचा ताल चुकला नाही. एवढी जागा होती. घरी येऊन वहीत लिहिलं, 'श्रोत्यांची तयारी कमी पडली.'

माझी नात मोबाइलवर गाणी सोडून बाकी सगळं दीडपट वेगानं ऐकते. भाषणं, गोष्टी, बातम्या. मी तिला काही म्हणत नाही. आमच्या घरानं त्या काळात जो वेळ सांडला, तो बहुतेक ती भरून काढते आहे.

तर, वर्षाला एक नवी रेकॉर्ड, असा घराचा नेम होता. ती आणायची अष्टमीला, कारण खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. त्या दिवशी घरोघर हत्यारं पुजतात. आमच्याकडं पाटावर आईची विळी, अण्णांची नकाशे काढायची टी-पट्टी, दादाची सायकल जमिनीवरच पाटाला टेकून, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेलं मशीन, त्याच्यापुढं नवी रेकॉर्ड, न वाजवलेली. ती वाजायची दसऱ्याच्या सकाळी. रेकॉर्ड कुणी निवडायची ते वर्ष ठरलेलं होतं. एक वर्ष अण्णांचं, एक दादाचं, एक माझं, एक आईचं. आईचं वर्ष यापूर्वी दोनदा येऊन गेलं होतं, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "मला काय कळतंय, तुम्हीच आणा." त्यामुळं अण्णांची वर्षं दुप्पट झाली होती, आणि याचं कुणालाही काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी भाद्रपदातच आई जेवताना म्हणाली, "औंदा माझं साल हाय ना? मला ती एसटीमागं पळायच्या गाण्याची पाहिजे."

आमच्या तिघांचेही हात ताटात थांबले. मग कळलं ते असं. नागपंचमीला आई माहेरी गेली होती तेव्हा तिथं तंबूतल्या टॉकीजमध्ये तिनं आणि तिच्या धाकट्या बहिणीनं, यमूमावशीनं, एक सिनेमा पाहिला होता. सासरी नांदणारी नायिका कुणालाही न सांगता माहेरी निघते, एसटी सुटते आणि ती गाठोडं सांभाळत एसटीमागं पळत पळत गाते. आई आणि मावशी एवढ्या हसल्या होत्या की पुढच्या माणसानं मागं वळून "वैनी, आम्हाला बी ऐकू द्या" म्हटलं होतं. संगीत मास्टरांचंच होतं, पण सिनेमा पडेल. शहरात तीन दिवस चालला आणि चौथ्या दिवशी फलक बदलला. अण्णांनी ताट बाजूला सरकवलं. "अगं, ते मास्टरांचं नाव फक्त. त्यात मास्टर नाहीत. काहीतरी उरकायचं म्हणून उरकलंय." अण्णांचा डोळा मास्टरांच्या एका गाजलेल्या चित्रपटाच्या रेकॉर्डवर होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई ताटाकडं बघत म्हणाली, "असेल. पण मला तीच पाहिजे."

असं ती कधी म्हणत नसे, म्हणून अण्णा जरा बावरले आणि त्यांनी तोडगा काढला. "असं करू. सुमी दुकानात जाऊन ऐकून येईल. तिला कळतं. ती म्हणाली घेण्यासारखी आहे, तर घेऊ." आईनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती होती हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की माझी नेमणूक झाली आहे.

सिटी चौकाजवळ एका बोळात हमीदभाईंचं दुकान होतं. पुढं दुरुस्तीला आलेले रेडिओ, आत रेकॉर्डी आणि कोपऱ्यात कपाटाएवढी एक काचेची खोली. तीत एक स्टूल, एक भोंगा आणि पुसट वास अत्तराचा. घेण्याआधी गिऱ्हाइकाला तिथं बसून ऐकता यायचं. हमीदभाई पन्नाशीचे, डोळ्यांना सुरमा, कानावर पेन्सिल. मी वही उघडून स्टुलावर बसले. बाहेर त्यांनी सुई ठेवली आणि पहिल्या पाच सेकंदांत माझ्या अंगावर काटा आला. गाणं नव्हतं ते, पळापळ होती! बाईचा आवाज चिरका, ढोलकी धावत सुटलेली, शब्द एकमेकांच्या टाचेवर पाय देत चाललेले. चारही गाणी ऐकली. चारही तशीच. मी बाहेर आले.

"क्या हुआ बेबी, पसंत नै आया?"

"हमीदभाई, मास्टरांचा तोल गेलाय."

"कौनसा तोल?"

"लयीचा. फार घाई केलीय. ठहराव नाही."

हमीदभाईंनी कानावरची पेन्सिल काढून डोकं खाजवलं. "ये मास्टर का सब गाना ऐसाच रैता ना. मैं तो तीस साल से सुन रा."

"तुम्ही नीट ऐकलं नसेल," मी म्हणाले. पन्नाशीच्या, आयुष्यभर रेकॉर्डी विकलेल्या माणसाला! देवानं मला त्या क्षणी दुकानाच्या पायरीवर पाडायला हवं होतं, पण त्याच्याही मनात काही मोठं असावं.

"बेबी, घर पे मशीन कौनसा है?"

"चांगलं आहे. साहेबांचं आहे."

"सर्विस कब किए?"

"त्याला गरज पडत नाही," मी सांगितलं आणि वही मिटली. ते रेकॉर्ड पाकिटात घालत म्हणाले, "एकीच पीस है. दसरे के बाद बचा माल मुंबई वापस जाता. सोच लेव." मी म्हटलं, विचार झालेला आहे.

रात्री जेवताना मी अभिप्राय वाचून दाखवला. पूर्ण एक पान होतं. 'गायिकेचा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखा', 'एसटीमागे पळण्याच्या नादात मास्टर स्वतःच धापा टाकू लागले आहेत', आणि शेवटी दर्जा: ऐकवत नाही. मास्टरांना हा दर्जा देताना माझा हात थरथरला होता, हेही मी वाचलं. दादा म्हणाला, "हात थरथरला हे तुझ्या अक्षरावरून कळत नाही, नेहमीसारखंच आहे." अण्णा मान हलवत होते, जरा जास्तच खुशीनं. आईनं सगळं ऐकलं. माझ्या वाटीत आणखी एक पळी आमटी वाढली. "बरं," ती म्हणाली. मग अण्णांना, "मग तुम्हीच आणा तुमच्या पसंतीची."

माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, दोन सुना आल्या, आणि बाईच्या तोंडच्या 'बरं'चे किती प्रकार असतात ते आता मला पाठ आहेत. तो 'बरं' कुठला होता हे आज मी झोपेतही ओळखीन. तेव्हा मी आमटी ओरपली.

दोन दिवसांनी मी तिच्यासमोर लसूण सोलत बसले होते. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ते एसटीचं लई पळत होतं का गं?"

"काय सांगू आई! नुसतं पळत होतं."

"पळायचंच हाय की त्याला. एसटी निघालीय. तुझ्या मशीनच्या चालीनं ती बाई गायला लागली तर गाडी घाट उतरून जाईल, आन् ही आपली फाट्यावरच."

"पण मास्टरांची बाकीची गाणी—"

"ती बी पळतात," आई म्हणाली. "आपलं मशीन हळू हाय, सुमे."

मी लसणाची पाकळी खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? ते तुझं मास्टरांचं नदीचं गाणं रेडिओवर लागतं तेव्हा माझ्या चार पोळ्या होतात. घरी लावलं की पाच होतात. दरवेळी पाच. मी काय रविवारी निराळ्या हातानं लाटते व्हय?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. ज्या बाईला मी 'व्हय' म्हणू नये असं शिकवत होते, ती मला लय शिकवत होती. मी तडक बाहेर जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा हसले. दादा मात्र टुणकन उठून बसला, "करून बघू!" आणि आमच्या घरात एका प्रयोगाची तयारी सुरू झाली. अडचण एवढीच की रेडिओवर नदीचं गाणं कधी लागेल ते काही आपल्या हातात नव्हतं. तीन सकाळी आई परातीत कणीक मळून, तवा तापवून रेडिओकडं कान देऊन बसली. एकदा लागलं ते दुसऱ्याच संगीतकाराचं नदीचं गाणं. शेवटी अष्टमीच्या सकाळी, अण्णा ऑफिसला निघायच्या आधी, लागलं. "घे!" दादा ओरडला. आईनं पहिला गोळा उचलला. लाटली, टाकली, उलटली, फुगली, उतरवली. गाणं संपलं तेव्हा चौथी पोळी तव्यावरून खाली येत होती. दादानं रेडिओ बंद केला आणि मशीन लावलं. तेच गाणं, आमच्या खानदानी ठहरावानं. आई त्याच हातानं, त्याच संथपणे लाटत राहिली. चौथी उतरली तेव्हा नदी अजून वाहतच होती. पाचवी.

"पोळ्या हे काही मोजमाप नाही," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या वेळी तू घाई केलीस."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पाच. मग अण्णांनी स्वतःचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. पाच. घड्याळात त्यांना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं, चपला घातल्या आणि निघून गेले. डबा ओट्यावरच राहिला. त्या दिवशी घरात चौदा पंधरा पोळ्या जास्तीच्या होत्या. दादानं त्यांना 'पुराव्याचे कागद' असं नाव दिलं आणि दुपारपर्यंत निम्मे पुरावे नष्ट केले.

मी आईला विचारलं, "एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

ती परात धूत होती. "डोळे मिटून बसलेला माणूस बघितला की वाटायचं, राहू दे. आन् तू बी वही घेऊन बसायचीस. कुणाकुणाला उठवायचं?"

तेव्हा पहिल्यांदा मला ती रेकॉर्ड आठवली. एकच पीस. संध्याकाळी अण्णा ऑफिसातून परस्पर दुकानात जातील, त्यांच्या पसंतीची घेतील, आणि दसऱ्यानंतर आईची एसटी मुंबईला परत. वीस वर्षांत तिनं या घरात नाव घेऊन मागितलेली पहिली गोष्ट मी एक पान शाई खर्चून नाकारली होती, आणि तीही त्या मशीनच्या भरवशावर. मी म्हटलं, "आई, चल. आत्ताच्या आत्ता." ती म्हणाली, "मी? दुकानात?" आणि पदराला हात पुसत उठली. कणकेचा एक ठिपका तिच्या मनगटावर तसाच राहिला होता.

हमीदभाईंनी तिला पाहून टोपी सारखी केली. "आइये भाभी." काचेच्या खोलीत एकाच माणसापुरती जागा; आई आत बसली, मी बाहेर. मला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. आधी ती अंग चोरून बसली होती, डॉक्टरकडं बसावं तशी. मग पायाचा अंगठा हलायला लागला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलले. ती हसत होती. पुढच्या माणसानं मागं वळून बघावं, तसं. चारही गाणी ऐकून ती बाहेर आली.

"कैसा लगा भाभी?"

"दोन वाईट हायेत," आई म्हणाली. "उरकलेलीच हायेत, हे म्हणतात ते खरंय. एक बरं हाय. एक लई चांगलं. त्या एकासाठी घेते."

दोनशे पानी वही बगलेत धरून मी उभी होते. एवढा नेटका अभिप्राय त्या वहीत एकही नव्हता. पुढं तीतली कोरी पानं आईनं धोब्याच्या यादीसाठी घेतली; मी हरकत घेतली नाही.

"आन् आमच्या मशीनला थाळी फिरवायचा नवीन पट्टा द्या," आई म्हणाली. "जुना सैल पडलाय, गिरणीचा पडतो तसा."

हमीदभाईंनी खणातून काळा रबरी पट्टा काढला, ताणून बघितला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "मैं तो उसी दिन समझ गया था."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम बोलने दिए क्या बेबी?"

आम्ही पायरी उतरतो तोच समोरून अण्णा आले, ऑफिस अर्ध्यावर टाकून. त्यांनी आईच्या हातातलं पाकीट पाहिलं, पट्ट्याची पुडी पाहिली. अण्णा वळले आणि आमच्या बरोबरीनं घराकडं चालायला लागले. औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर त्यांनी आईच्या हातून पाकीट घेतलं. पुडी मात्र घेतली नाही.

खंडेनवमीला दादानं मशीन उलटं करून पट्टा बदलला. जुना पट्टा आईनं पुडीत बांधून फळीवर ठेवला. दसऱ्याच्या सकाळी आईची रेकॉर्ड लागली आणि एसटी सुटली. गाठोडं घेऊन ती बाई अशी पळाली की दादाही नाचायला लागला, गिरणीवाला दारात येऊन टाळ्या वाजवायला लागला. उरलेल्या गाण्यांबद्दल आई आणि अण्णा दोघांचंही बरोबर होतं. मग अण्णा म्हणाले, "आता माझं लावा." त्यांचं म्हणजे एका रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं. रेडिओवर त्याचा शेवट कधी लागायचाच नाही. निवेदिका मध्येच बोलायला लागायची. आमच्या मशीनवर ते शेवटपर्यंत वाजायचं आणि अखेरीला त्या बाईला एक खोल, दाटलेला हुंदका फुटायचा. अण्णा तिथं दरवेळी चष्मा काढून डोळे पुसायचे. मी त्याला वहीत दोनदा अत्युत्तम दिलं होतं. आता नव्या पट्ट्यावर गाणं सुरू झालं. झोक्यावरचं गाणं निघालं ते. मैत्रिणी झोका देताहेत, ती उंच उंच जाते आहे. आणि शेवटी, जिथं हुंदका असायचा तिथं, ती बाई खळखळून हसली.

दादा हसता हसता जमिनीवर लोळला. मीही हसले, पंधराव्या वर्षी माणूस असल्या गोष्टीला हसतो. अण्णांचे डोळे उघडे होते. "हसतेय ती," ते म्हणाले. मग आपट्याची पानं खिशात घालून सोनं द्यायला म्हणून बाहेर पडले ते जेवायलाच परतले.

त्यानंतरचे दोन रविवार अण्णा भिंतीला टेकले नाहीत. जेवण झालं की वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसायचे आणि एकच पान बराच वेळ धरायचे. आईची एसटी बाहेरच्या खोलीत पळायची, पण तिचाही अंगठा हलत नसे. तिसऱ्या रविवारी आईनं आमटी उतरवली, हात धुतले, फळीवरची पुडी काढली. मशीन उचलून गोधडीवर उलटं ठेवलं. दादाकडून न शिकता, नुसतं एकदा बघून, तिनं नवा पट्टा काढला आणि जुना चढवला. मग दारात जाऊन अण्णांना म्हणाली, "या. बसा."

अण्णा आले. भिंतीला टेकले. गाणं निघालं, संथ, एकेक पाऊल जपत. डोळे मिटले. झोका कुठंतरी विरून गेला. शेवटी तो हुंदका आला, आणि अण्णांनी चष्मा काढला. दादानं तोंड उघडलं. आईनं त्याच्याकडं असं बघितलं की ते आपोआप मिटलं. सुई थांबली. अण्णा तसेच बसून होते. आईनं त्यांना चष्मा डोळ्यांवर परत चढवू दिला. मग तिनं पदर खोचला, नवा पट्टा बोटांत ताणून बघितला आणि म्हणाली, "झालं ना? उठा. आता माझं."